परक्या गाडीचं कव्हर

माझ्या थोरल्या बहिणीच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला जेसीबी आणावा लागतो. त्या वर्षी गणपती गेले आणि तिच्या डोक्यात इंजिनाचं कव्हर शिरलं.

आमची मुलुंडला नर्सरी आहे. हायटेन्शनच्या तारांखालची भाड्याची जागा, वर हिरवी जाळी, एका कडेला शेणखताच्या गोणी. वडील परभणीकडून मुंबईत आले आणि माळीकामाला लागले. त्यांच्यामागे आम्ही दोघींनी झाडांचाच धंदा धरला. फोन, ऑर्डरी, गिऱ्हाइकांची बोलणी माझ्याकडे आणि गाडी ताईकडे. गाडी म्हणजे पिकअप. पुढे बॉनेट, मागे उघडा हौदा. आधी ड्रायव्हर होता. तो ऐन दिवाळीच्या तोंडावर गावी गेला तो परत आलाच नाही. तेव्हा पन्नाशीला आलेल्या ताईने सरळ ड्रायव्हिंग स्कूल गाठलं, लायसन्स काढलं आणि चावी हातात घेतली ती आजपर्यंत कुणाला दिलेली नाही. गाडी ती चांगली चालवते. माझं भांडण तिच्या चालवण्याशी नाही.

तर त्या दिवशी अंधेरीच्या एका सोसायटीत आम्ही अरेका पाम पोचवायला गेलो होतो. पार्किंगमध्ये एक गृहस्थ आपल्या मोठ्या गाडीचं बॉनेट उघडून वायपरच्या टाकीत पाणी भरत होते. ताईने हातातली कुंडी लिफ्टच्या दारात ठेवली आणि तिकडे चालू पडली. लिफ्टचं दार कुंडीला आपटून उघडतंय, मिटतंय, पुन्हा उघडतंय. आत उभी असलेली बाई माझ्याकडे असं बघत होती की जणू लिफ्ट मीच बनवली आहे.

मी कुंडी ओढून बाजूला घेतली आणि ताईला आणायला गेले. ती बॉनेटमध्ये वाकून बघत होती. आत वायरी, नळ्या काही दिसतच नव्हतं. सगळ्या इंजिनावर एक काळं, चपटं, चकचकीत प्लास्टिकचं कव्हर बसवलेलं होतं.

“हे काय असतं?” ताईने विचारलं.

“ते होय? काही नाही. नुसतं शोसाठी असतं,” गृहस्थ म्हणाले. “काढून ठेवलं तरी गाडी चालते.”

एवढं स्पष्ट सांगितल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाचं समाधान झालं असतं. ताईचं नाही झालं. परतीच्या वाटेवर पवई आली तशी म्हणाली, “आपल्या गाडीला ते बसेल.”

“कशाला?”

“बसेल म्हणते आहे.”

“ताई, कशाला, असं विचारतेय मी. बॉनेटच्या आत कोण बघायला येतंय?”

तिने हॉर्न मारला. पुढे कुणी नव्हतं.

आमचा मेकॅनिक भांडुपचा, मूळ मालवणचा. त्याचे वडील गिरणीत होते, हा गिरण्या बंद झाल्यावर गॅरेजात शिरला. माणूस सरळ, फक्त वैतागला की मालवणीत जातो. ताईने त्याला विचारलं तेव्हा तो एका रिक्षाखाली आडवा होता. तिथूनच म्हणाला, “इंजिन एकाच घरातलं आहे ताई, पण भाऊ वेगळे. त्यांच्या गाडीत हवेचा पाइप मागून जातो, तुमच्या वरून जातो. ऑइल भरायचं तोंड वेगळ्या जागी. ते बसणार नाही.”

“थोडं कापलं तर?”

रिक्षाखालून पान्याची खटखट सुरू झाली.

“थोडं कापलं तर बसेल,” ताईने स्वतःच ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी कुर्ल्याच्या भंगार बाजारात माझी वरात निघाली. वास्तविक त्या दिवशी आम्हाला देवनारला एका शाळेत तुळशी पोचवायच्या होत्या. त्या मागे हौद्यात ठेवून आम्ही कुर्ल्यात, आणि उन्हात तुळशी माना टाकतायत. मी दर दहा पावलांनी मागे वळून बघत होते. ताईचं लक्ष फक्त दुकानांवर. दारांचे ढीग, आरशांचे ढीग, दिव्यांच्या रांगा, मेलेल्या गाड्यांचे सगळे अवयव वेगळे करून मांडलेले. कव्हरं एका दोरीवर माळ करून टांगली होती.

“दीदी, ये लो, एकदम ओरिजिनल,” दुकानदाराने एक काढून दिलं.

“डिझेल का है ना?”

“डिझेल का ही है.”

ताईने ते उलटं केलं, सुलटं केलं, पदराने पुसलं, एक कोपरा तुटलाय म्हणून घासाघीस केली आणि घेतलं. ते घरापर्यंत माझ्या मांडीवर. त्याला ऑइलचा असा वास होता की मी दोनदा धुऊनही पंजाबी ड्रेसचा वास गेला नाही.

ते डिझेलचं नव्हतं. मेकॅनिकने नुसतं इंजिनावर धरलं आणि म्हणाला, “ह्या काय घेवन इलंस गो बाय? ह्या पेट्रोलचा.” चारही भोकं चार दिशांना. पुन्हा कुर्ला. दुकानदार म्हणाला, माल परत होत नाही. ताई त्याच्या दुकानासमोर स्टूल घेऊन बसली. गिऱ्हाईक आलं की ती त्याला सांगायची, “जरा बघून घ्या, पेट्रोलचं डिझेल म्हणून देतात.” तिसऱ्या गिऱ्हाइकाला तो कंटाळला आणि त्याने तिला डिझेलचं कव्हर दिलं. ह्याचे कोपरे शाबूत होते. ताईचा चेहरा असा झाला होता, जसा तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता.

खरा ताप पुढे होता.

मला आता सगळं कळतं, कारण तो सगळा वेळ मी शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी होते. असलं कव्हर बोल्टने आवळत नाहीत. इंजिनावर गोल डोक्याच्या खुंट्या असतात, कव्हरच्या खाली रबरी वाट्या असतात. वरून दाबलं की टक्‌कन बसतं. आमच्या पिकअपच्या इंजिनावर खुंट्याच नाहीत. कारण उघड आहे, कंपनीला वाटलं नव्हतं की कुणी बाई उद्या इथे परक्या गाडीचं कव्हर बसवायला येईल. मेकॅनिकने पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, त्यांना खुंट्या वेल्डिंग करून घेतल्या आणि पट्ट्या इंजिनावरच्या रिकाम्या भोकांत कसल्या. कव्हर बसलं. ताईने टाळी वाजवली.

मग बॉनेट बंद होईना.

बोटभर उंच होत होतं. हवेचा पाइप खाली, कव्हर त्याच्यावर, आणि वर बॉनेटच्या आतला जाड पॅड. मेकॅनिक म्हणाला, पट्ट्या खाली घेऊ. पट्ट्या खाली घेतल्या तर कव्हर पाइपवर टेकलं आणि एका बाजूला कललं. ताई म्हणाली, पॅड काढा. पॅड काढला. बॉनेट बंद झालं, आणि गाडी सुरू केल्यावर असा आवाज यायला लागला की जणू आत कुणी मसाला कांडतंय. तो पॅड आवाज दाबायलाच असतो, हे आम्हाला तो काढल्यावर कळलं. पॅड परत लावला. कव्हर पाइपच्या जागी कापलं. ऑइलचं झाकण कव्हरखाली गेलं म्हणून तिथे एक गोल कापला. गोल थोडा चुकला, तो वाढवला. शेवटी त्या चकचकीत कव्हरला एक खाच आणि एक भगदाड पडलं आणि ते उंदराने कुरतडल्यासारखं दिसायला लागलं.

हे एका दिवसात झालं नाही. चार दिवस गाडी गॅरेजात जायची, थोडं काम व्हायचं, मग आम्ही डिलिव्हरीला पळायचो. पवईला एका ऑफिसचं उद्घाटन होतं. त्यांना दोन्ही बाजूंना लावायला शेवंतीच्या कुंड्या हव्या होत्या. तिथली मॅनेजर मला दर थोड्या वेळाने फोन करायची आणि मी दर वेळी सांगायचे, “निघालो मॅडम, ट्रॅफिक आहे.” ट्रॅफिक कुठला, आम्ही भांडुपच्या गॅरेजात बसून प्लास्टिकला पडलेला गोल बघत होतो. त्या बाईचा फोन पुन्हा आला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ताईला गॅरेजच्या बाहेर, चहाच्या टपरीवर नेलं.

“हे आज बंद कर,” मी म्हटलं. “गिऱ्हाइकाशी खोटं मला बोलावं लागतं. कशासाठी? एका शोच्या झाकणासाठी. ज्याने पाण्याचा ॲव्हरेज वाढत नाही, ना गाडीचा, ना आपला.”

“पाण्याचा ॲव्हरेज म्हणजे काय?”

“विषय बदलू नकोस.”

ताईने चहा बशीत ओतला. ती बशीनेच पिते.

“तू बाजूच्या सीटवर बसतेस,” ती म्हणाली. “बॉनेट मी उघडते.”

“मग?”

“मग काय मग. विक्रोळीला इंजिनाचा पट्टा सैल झाला तेव्हाचं आठवतं ना?”

आठवत होतं. हायवेच्या कडेला आम्ही थांबलो होतो. ताई बॉनेट उघडून पट्टा बघत होती. कुठून कुठून माणसं जमली. दोन बाइकवाले, एक टेम्पोवाला, एक जण तर बसमधून उतरून आला. कुणी म्हणे बॅटरी गेली, कुणी म्हणे फिल्टर चोक. एकाने ‘ह्याच्यातच लोचा आहे’ म्हणत सरळ हात घातला आणि एक नळी उपसून काढली. एकाने ताईला विचारलं, “मिस्टर कुठे आहेत?” ते सगळे गेल्यावर पट्टा सैल होताच, वर त्या नळीतून गळतीही सुरू झाली होती. मी त्या माणसांना पाण्याची बाटली दिली होती आणि थँक्यू म्हटलं होतं, हेही मला आठवत होतं, पण ते मी बोलले नाही.

“दर वेळी होतं ते,” ताई म्हणाली. “पाणी बघायला उघडलं तरी होतं. पेट्रोल पंपावर होतं. बाईने बॉनेट उघडलं म्हणजे ते सार्वजनिक. त्या अंधेरीच्या साहेबाच्या गाडीत बघितलंस ना? बघायला काही नाहीच. नळी नाही, वायर नाही. मग बोट कुठे घालणार?”

“लोकांनी हात घालू नये म्हणून तू हे सगळं करतेयस?”

“मग काय शोसाठी?”

“तोंडाने सांग ना त्यांना, हात लावू नका म्हणून.”

“सांगते की. ऐकतं कोण? त्यांना वाटतं, मॅडम लाजतायत.” तिने बशी खाली ठेवली. “भांडून भांडून दमले गं मी. झाकण लावलं की भांडायला नको.”

 कारण पटलं असं नाही. ह्या कारणासाठी हा उपाय करणारी बाई मुंबईत दुसरी नसेल, हे मला तेव्हाही वाटत होतं. पण मी पवईच्या मॅनेजरला फोन लावला आणि सांगितलं, “मॅडम, गाडी गॅरेजला आहे, एक तास लागेल.” ती चिडली, पण मला बरं वाटलं.

कव्हर बसलं. बॉनेटही बसलं. फक्त दुसऱ्या गिअरमध्ये एक बारीक किरकिर यायची. मेकॅनिक म्हणाला, ती जाणार नाही. ताई म्हणाली, तिला ऐकूच येत नाही. मला यायची. मुलुंड ते घाटकोपर, स्पीडब्रेकरागणिक.

आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचं काय झालं, तर पहिल्याच वेळी पेट्रोल पंपावर ताईने दिमाखात बॉनेट उघडलं आणि शेजारच्या टेम्पोचा ड्रायव्हर आत डोकावून म्हणाला, “ओ, हे कुठल्या गाडीचं बसवलंय? पिकअपला कव्हर येतं?” मग हवा भरणारा आला. मग अजून दोघे. एकाने मोबाइलवर फोटो काढला. एकाने विचारलं, ऑइल कुठून भरता. ताईने भगदाड दाखवलं. एक जण ‘खालून कसं बसवलंय बघू’ म्हणत ते उचलायलाच निघाला. पूर्वी जमायचे त्यापेक्षा जास्त लोक जमले होते. मी सीटवर बसून कपाळाला हात लावला. मला हसू येत होतं आणि मला तिला हलवून हलवून विचारायचं होतं, झालं समाधान?

तिने गाडीत बसल्यावर एवढंच म्हटलं, “खुंट्या काढून बोल्ट मारून घेते. मग उचलता येणार नाही.”

बोल्ट मारले. आता मेकॅनिकला प्रत्येक वेळी पाना घेऊन आधी कव्हर सोडवावं लागतं आणि प्रत्येक वेळी तो मालवणीत काहीतरी पुटपुटतो, जे आम्हाला मुद्दाम अर्धंच ऐकू येतं.

थंडीत दुसरीच भानगड झाली. एक दिवस सकाळी गाडी सुरूच होईना. कव्हर सोडवलं तर आत कोकोपीट, सुतळी, आमच्याच बियांच्या पाकिटाचे तुकडे. नर्सरीतल्या उंदरांना ऊबदार घर मिळालं होतं. वर छप्पर, खाली गरम इंजिन. दोन वायरी कुरतडलेल्या. मेकॅनिकला मुलुंडपर्यंत यावं लागलं. त्याने वायरी जोडल्या, हात पुसले आणि कव्हर माझ्याकडे दिलं.

“मी नाय लावणार आता,” तो म्हणाला. “तुमका काय ता करा.”

मला वाटलं, सुटलो. ताई त्याच्याशी वाद घालत बसली नाही, त्यामुळे मला खात्रीच वाटली. रविवारी सकाळी नर्सरीत गेले तर ती बॉनेट उघडून उभी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी तिने कव्हरच्या खालच्या बाजूला कडेकडेने बसवली होती, तारेने शिवून.

“बॅटरी धर जरा,” ती म्हणाली.

मी धरली. काय करणार.

त्यानंतर काही दिवसांनी माहुलला जायचं होतं. तिथे नवीन इमारतींत एका शाळेच्या आवारात झाडं लावायची होती. देवनारच्या पुढे इंजिन तापल्याचा काटा वर चढला. ताईने गाडी कडेला घेतली. वास तिकडचा नेहमीचा, त्यात गरम रबराचा. तिने बॉनेट उघडलं. पाण्याचा होज क्लिपपाशी भिजलेला होता. क्लिप सैल झाली होती, एवढंच. मी आत बसून शाळेला फोन लावत होते.

एक माणूस बाइक थांबवून आला. हेल्मेट काढलं, आत बघितलं.

“मॅडम, हे काय लावलंय? ह्यानेच तापतेय,” तो म्हणाला. “हे काढून टाका आधी.”

“क्लिप सैल आहे,” ताई म्हणाली. “ती आवळते. थोडं थंड होऊ दे.”

“अहो, मी सांगतोय ना. मी दहा वर्षं गाड्या बघतोय. सरका.”

“हात लावू नका.”

“मदतच करतोय मॅडम,” असं म्हणून त्याने कव्हरची कड दोन्ही हातांनी धरली आणि उपटायला लागला. बोल्ट होते, ते निघेना. तो अजून जोर लावायला लागला. पत्र्याची पट्टी वाकल्याचा आवाज मला काचेतून ऐकू आला.

मी फोन तसाच सीटवर टाकला आणि उतरले. पुढे काय बोलले ते सगळं मला आठवत नाही आणि जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. गाडी कुणाची आहे, हे कव्हर कुणी कापलं, जाळी कुणी शिवली, तुझ्या बाइकच्या टाकीत मी येऊन हात घालते का, असं सगळं. पलीकडे पाव विकणारा उभा राहून बघत होता. बाइकवाल्याने हात काढले, हेल्मेट घातलं. जाताना म्हणाला, “भलाई का जमानाच नाही.” त्यावरही मी एक वाक्य बोलले.

 समोर ते खाच पडलेलं, भगदाड पडलेलं, तारेने शिवलेलं काळं प्लास्टिक. ज्याला मी तीन महिने शिव्या घातल्या त्याच्यासाठी मी भर रस्त्यात एका अनोळखी माणसाशी भांडले होते.

ताईने पाना काढला, होज हाताने चाचपून बघितला, क्लिप आवळली. मग थांबून, हळूहळू पाणी घातलं. वाकलेल्या पट्टीकडे बघून ‘च्च’ केलं. बॉनेट लावून ती गाडीत बसली. मला वाटलं, आता ती काहीतरी बरं बोलेल. निदान माझा हात तरी धरेल.

“एवढं ओरडायची काय गरज होती?” ती म्हणाली. “घाबरला ना तो माणूस.”

 मी सीटवरचा फोन उचलला. शाळेतले सर अजून लाइनवरच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते फार जपून म्हणाले, “सावकाश या ताई, आमची काही घाई नाही.”

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सरांनी स्वतः फाटक उघडलं, कुंड्या उतरवायला हातभार लावला आणि दोघींना चहा दिला. माझ्याशी बोलताना त्यांचा स्वर जरा जास्तच अदबीचा होता. ताईने चहा बशीत ओतला. परतताना दुसऱ्या गिअरला किरकिर वाढली होती, पट्टी वाकल्यामुळे. ह्या वेळी ती ताईलाही ऐकू आली असावी. चेंबूर नाक्यापाशी ती म्हणाली, “उद्या भांडुपला जावं लागेल.”

“उद्या ठाण्याची ऑर्डर आहे,” मी म्हटलं.

“सकाळी लवकर जाऊ.”

मी ठाण्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला, उद्या थोडा उशीर होईल म्हणून. ताईशी वाद घालून काही उपयोग नव्हता.